बटणाचंच घेतलं, आक्का

आक्का, घेतलं. अखेर घेतलं बघ. तुझा तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावाला गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी बारामतीला गेले ती घेऊनच आले. पुस्तकं वाचायचं मशीन. काळं आहे, तळहाताहून जरा मोठं, आणि वजनाला आपल्या एका मोठ्या पेरूएवढंसुद्धा नाही. उजव्या कडेला दोन बटणं आहेत, एक पान पुढं न्यायला, एक मागं. उन्हात धरलं तरी कागदासारखं दिसतं. अक्षर एवढं मोठं होतं की तुला लांबनं वाचता आलं असतं. आणि एकदा चार्जिंग केलं की महिनाभर बघायला नको. हे सगळं तुला कधी एकदा सांगते असं झालंय मला, आणि ऐकायला तू नाहीस. म्हणून लिहायला बसले.

लोक म्हणतील, बहिणीला जाऊन महिना झाला नाही तोवर हिला मशीनचं सुचतंय. म्हणू देत. तू आधी माझी सख्खी बहीण आणि मग सख्खी जाऊ. लोणी भापकरच्या एका घरातनं निघून शेळगावच्या एका घरात आपण दोघी आलो, तेव्हा माझं रडणं कसलं असतं ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मी रडता रडता भांडते. आत्तासुद्धा भांडायलाच बसलेय. कारण तू मला फसवलंस, आक्का. अख्ख्या शेडाला फसवलंस. कसं ते ओळीनं सांगते, नाहीतर तू म्हणशील, मंदे, शेपटाकडनं सुरू करू नको.

शेड म्हणजे आपलं पेरूचं पॅकिंग. वर पत्रा, कडेला क्रेटच्या थप्प्या, मधे लांबलचक टेबल आणि टेबलाच्या दोन्ही अंगांना बाया. हातमोजे घालायचे, पेरू उचलायचा, डाग बघायचा, लहान-मोठा निवडायचा, फोमची जाळी चढवायची आणि बॉक्समध्ये बसवायचा. हात कामात आणि तोंड मोकळं, त्यामुळं दिवसभर भांडणं. एकीला मोबाइलवर भक्तिगीतं पाहिजेत, दुसरीला लग्नातली. एक दिवस वैतागून तू पिशवीतनं पुस्तक काढलंस, उलट्या क्रेटवर बसलीस आणि मोठ्यानं वाचायला लागलीस. त्या दिवसापासून आपल्या शेडातली गाणी बंद झाली. वालचंदनगरच्या कॉलनीत कुणी रिटायर होऊन क्वार्टर सोडलं की त्यांची पुस्तकं रद्दीत यायची, आणि रद्दीवाला तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. त्यातनं किती वाचून दाखवलीस. पण सगळ्यांत जास्त चाललं ते गणपतचं पुस्तक. त्याचं खरं नाव मी आता कुणाला सांगत नाही. का, ते पुढं कळेल.

गणपत म्हणजे त्या गोष्टीतला विहिरींचा गाळ काढणारा गडी. भोळा, तोंडानं फटकळ, खाण्याला भारी. तसं त्या पुस्तकात जमीनदाराचं मोठं घर होतं, दोन भाऊ होते, पण बायांना कुणाशीच देणंघेणं नव्हतं. गणपत आला की टेबलावरचे हात हळू व्हायचे. हिराबाई तर पेरू तसाच धरून बसायची. तिचा नवरा विहिरीच्या कामावर कड ढासळून गेला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली, आणि ती त्याबद्दल कधी कुणापाशी बोलत नाही. तू ओरडायचीस, "हिराबाई, पेरू पिकंल हातात."

"पिकू दे. त्यो वर आला का तेवढं सांग."

त्या दिवशीचं मला लख्ख आठवतंय. गणपत दोर धरून विहिरीत उतरला होता. तू वाचत होतीस, आणि वाक्याच्या मधेच थांबलीस. चष्मा काढलास, पदरानं पुसलास, परत घातलास. पानाकडं बघितलंस, हिराबाईकडं बघितलंस आणि पुस्तक मिटलंस. "धूळ बसली चष्म्यावर, दिसंना. आज एवढंच." बाया चिडल्या. छाया, ती आपली बारावी झालेली, फाडकन बोलणारी, म्हणाली, "आक्का, माणसाला हिरीत लटकावून कुटं चाललासा?" तू क्रेट लावायला निघून गेलीस.

दुसऱ्या दिवशी गणपत चिखलानं माखून वर आला. आणि वर येऊन पहिलं काय म्हणाला, तर, "च्यात साखर टाका जरा, कालच्यावानी पांचट नगं." शेडात काय हसू फुटलं गं. हिराबाईनं पेरू खाली ठेवला आणि हात जोडले, कुणाला ते तिचं तिला माहीत. मला आपलं वाटलं, चष्म्यावर खरंच धूळ बसली होती.

कारण तुझे डोळे अधू व्हायला लागलेच होते. साखरेनं धरलं होतं तुला, आणि त्या पुस्तकाचं अक्षर मुंगीएवढं. म्हणून मीच टुमणं लावलं की आक्का, आता मशीन घेऊ, त्यात अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं. मला वाटलं, तू उडी मारशील. तू तर वांगं निवडायला बसल्यासारखी एकेक मशीन दाबून बघायला लागलीस, आणि एकही पसंत करीनाशी झालीस.

आधी माझ्या फोनवर करून बघितलं. वाचता वाचता मार्केटमधनं व्यापाऱ्याचा फोन आला. तू फोन माझ्या अंगावर टाकलास. "हितं बाई बाळंत हुया लागलीय आन मधीच तुज्या पेरूचा भाव. ह्यात न्हाय वाचणार मी." ते मला पटलं. फोन वाचायला नाहीच चांगला, त्याचं लक्ष सतरा ठिकाणी असतं आणि आपलंही तो तिकडंच नेतो.

मग माझ्या लेकीचा टॅब आणला. मोठा, रंगीत, अक्षर लाडवाएवढं. मी खूश. तू त्यावर दुसरंच एक पुस्तक वाचायला बसलीस आणि जरा वेळानं छाया मागनं येऊन तुझ्या खांद्यावरनं पुढची ओळ वाचायला लागली. तू टॅब पालथा घातलास. "डोळं दुखत्यात ह्येनं. आन पत्र्याखालची ट्यूब पार डोळ्यात येती." ट्यूबचं खरं होतं, टॅबच्या काचेत आख्खं शेड दिसायचं. पण छाया मागं येईपर्यंत तुझे डोळे दुखले नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात नाही आलं.

आणि ते बोलणारं. ते आठवलं की अजून हसू येतं. मी फोनमध्ये काहीतरी दाबलं आणि फोन स्वतःच पुस्तक वाचायला लागला. एका सुरात, स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तसं. नायिका नदीवर रडत होती आणि ही बाई आपली फलाट क्रमांक सांगितल्यासारखी. बाया पोट धरून हसल्या. मी मात्र हट्टाला पेटले, म्हटलं, "आक्का, तुझ्या डोळ्यांना आराम. ह्यात गणपतचं पुस्तक घालू, ऐकत बसू." तुझा चेहरा असा उतरला की मी घाबरले. "गणपत कागदावरच बरा हाय," म्हणालीस. "आन बोलणारं काय बी माज्या शेडात आणायचं न्हाय." त्यावरनं आपण दोन दिवस बोललो नव्हतो. एका चुलीवर दोन भाज्या केल्या होत्या.

तरी मी तुला बारामतीला नेलंच. तो दुकानदार तुला आयुष्यात विसरणार नाही. त्यानं तीन-चार मशीनं काचेवर मांडली आणि तू हातमोजा काढलास, पेरूचा, पिशवीतनं. घातलास आणि पडद्यावर बोट फिरवलंस. पान हलेना. "हात धुवून, मोजं काढून वाचायचं असंल तर काय उपेग? आमचं हात कामात असत्यात." मग त्यानं बटणाचं दाखवलं. बटण मोज्यातनंही दाबलं गेलं. तू ते घेऊन सरळ दुकानाबाहेर उन्हात गेलीस, आणि तो बिचारा मागोमाग. उन्हात नुसतं ठळक दिसत होतं. एका हातात धरून बघितलंस, आडवं धरलंस, उभं धरलंस. मग त्यानं त्याच जातीतलं मोठं आणलं, वहीएवढं. "मावशी, ह्यावर कागदपत्रंसुद्धा वाचता येतात. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो, लहान पडद्यावर तो मोठा केला की ओळ बाहेर जाते. ह्यात आख्खं पान मावतं." मी म्हटलं, मग मोठंच घेऊ, सातबारा वाचता येईल, औषधांची माहिती वाचता येईल. तू म्हणालीस, "मोठं नगं. मोठं चार जणांस्नी दिसतं." मी म्हटलं, अगं, चार जणांना दिसलं तर काय बिघडलं? ह्यावर तू जे गप्प बसलीस ते गाडी शेळगावला लागेपर्यंत. काही न घेताच आलो. मी रस्ताभर धुसफुसत होते.

मग ते आजारपण. त्याबद्दल काही लिहीत नाही, तुला ठाऊक आहे आणि मला आठवायचं नाही. एवढंच लिहिते की एका दुपारी मी तुझे पाय दाबत होते आणि तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मंदे, घे त्ये मशीन. ल्हान घे. बटणाचं घे. बोलणारं नगं. आन पयल्यांदा तू एकटी वाच."

मी म्हटलं, "मला कुठं वाचता येतंय तुझ्यासारखं? मी बोलते ती पत्र्यावर गारा पडल्यासारखी."

"जमंल. व्यापाऱ्यापाशी बोलतीस की. दुसऱ्या तोड्याचा माल पयल्याचा म्हणून गळ्यात घालतीस."

आपण दोघी हसलो. तुझं माझं शेवटचं हसणं ते. मला वाटलं, चेष्टा करतेस.

तुला न्यायच्या वेळी हिराबाई पुढं आली. तुझ्या पिशवीतनं तिनं गणपतचं पुस्तक काढलं आणि हारांखाली, तुझ्या उशाला सारलं. "वाट लांबची हाय," म्हणाली. "आक्काला वाचाय लागंल." कुणी अडवलं नाही. मलाही बरं वाटलं, खरं सांगते. पुस्तक तुझ्याबरोबर गेलं.

सावडायचं झालं आणि शेड उघडावं लागलं. झाडावरचा पेरू सुतक पाळत नाही. बाया टेबलाला उभ्या राहिल्या, नुसता फोमचा आवाज. आणि मधेच छाया म्हणाली, "मग गणपतचं काय झालं?"

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. तू सोडलंस तेव्हा गणपत नवा सदरा घालून शाळेतल्या बाईंकडं निघाला होता. एकट्या राहणाऱ्या, कडक बाई. त्यांना मागणी घालायची म्हणून सकाळपासून दाढी करत होता. विहिरीतनं वर आल्यापासून त्या गणपतनं काय काय केलं होतं. चहाची टपरी काढली, सरपंचाशी भांडला, मोटारसायकल शिकताना उकिरड्यात गेला. बायांनी त्याला घरातल्यासारखं सांभाळलं होतं, आणि आता तो वाटेवर उभा होता आणि पुस्तक राख झालं होतं. हिराबाई मटकन खाली बसली. "माजी अक्कल शेण खाया गेली हुती. आक्काला शेवट ठावं हुता की. आमालाच न्हाय ठावं."

त्या दिवसापासून ती टेबलाला नीट उभीच राहिना. पेरू हातात घेई आणि डाग न बघता पुढं सरकवी. तिला वाटायला लागलं होतं, की आपण एका जित्या माणसाला चितेवर ठेवून आलो. तोंडानं म्हणाली नाही, पण मला कळत होतं. मी तिला म्हटलं, "हिराबाई, पुस्तक मिळतंय. मशीनमध्ये मिळतंय. गणपतला घेऊन येते मी."

म्हणून तेरावा उरकताच गेले. दुकानदारानं मला ओळखलं. म्हणाला, "ताई, त्या उन्हात जाऊन बघणाऱ्या मावशी नाही आल्या?" मी सांगितलं. तो मशीन पुसत होता ते पुसतच राहिला. मग त्यानं काही न विचारता बटणाचं लहान तेवढं पुढं केलं. पुस्तक शोधायला वेळ लागला, पण नाव मला पाठ होतं, आणि निघालं. त्यानं ते आत घालून दिलं. एसटीत मी मशीन छातीशी धरून बसले होते. मला नाचावंसं वाटत होतं, आक्का. तुझा माणूस माझ्या मांडीवर होता.

घरी आल्यावर बघते तर पान कुठं शोधायचं? पण मशीनला शब्द सांगितला की तो कुठं कुठं आलाय ते दाखवतं. मी लिहिलं, गणपत. लगेच आले सगळे, ओळीनं. पहिल्या प्रकरणात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात. मग संपलं. मी परत लिहिलं. परत चौथ्याशी संपलं. टपरी लिहिलं, काही नाही. मोटारसायकल लिहिलं, काही नाही. शाळेतल्या बाई तर औषधालाही नाहीत. पुस्तक मात्र चांगलं तीस-बत्तीस प्रकरणांचं. माझं डोकं सणकलं. म्हटलं, मशीन भिकार दिलंय. गोरगरीब बाई बघून अर्धवट पुस्तक गळ्यात मारलंय.

सकाळी परत बारामती. दुकानात गिऱ्हाईकं होती, तरी मी पायरीवरनंच सुरू झाले. "तुमच्या पुस्तकातला माझा माणूस गायब आहे." तो दुकानदार शांत माणूस. मला बसवलं, पाणी दिलं, मशीन हातात घेतलं आणि म्हणाला, "पुस्तक पूर्ण आहे, ताई. शेवटचं पान आहे, मधलं एकही गेलेलं नाही. चौथं प्रकरण तुम्ही वाचलंय का?"

मी म्हटलं, वाचायला कशाला पाहिजे, ऐकलंय. तो म्हणाला, वाचा.

वाचलं. गणपत दोर धरून उतरतो, विहिरीची कड ढासळते, आणि तो गाळाखाली जातो. दोन ओळींत. वर काढेपर्यंत दिवस मावळतो. पुढच्या पानावर जमीनदाराचे दोन्ही भाऊ बांधावरनं कोर्टात जातात आणि पुस्तकभर कोर्टातच राहतात. गणपतचं कुणी नावसुद्धा घेत नाही.

मी त्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. आधी काही कळेना. मग डोळ्यांपुढं तू आलीस, चष्मा पुसणारी. पानाकडं बघणारी, हिराबाईकडं बघणारी. आणि मला जे हसू फुटलं, आक्का, ते आवरेना. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. दुकानदार बाहेर येऊन "ताई, बरं वाटतंय ना?" म्हणाला, तर त्याला हातानंच व्हय म्हटलं. हसता हसता कधी रडायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

म्हणजे एवढे महिने, एवढ्या दुपारी, त्या पुस्तकाची पानं उलटत तू पुस्तकात नसलेलं वाचत होतीस. टपरी तुझी, सरपंच तुझा, उकिरडाही तुझाच. आणि मी गाढवीण, मला रोज वाटायचं की हा गणपत आपल्या आण्णांसारखा कसा बोलतो. दुधात कुरडई चुरून खातो, राग आला की "तुज्या बैलाला" म्हणतो, पावसाचं बोलायचं झालं की आधी आकाशाकडं पाठ करतो. मी एकदा तुला म्हटलंही होतं, की आक्का, हा लेखक लोणी भापकरचा असणार. तू म्हणालीस, "असंल बाई, कुटला का असंना." आपला बाप जाऊन किती काळ झाला, आणि तू आण्णांना रोज दुपारी शेडात चहा पाजत होतीस, आणि मी समोर उभी राहून ऐकत होते. एवढं मोठं देणं तू मला न सांगता दिलंस. राग येतो तो ह्याचाच. सांगितलं असतंस तर मी ते आणखी कान देऊन ऐकलं असतं.

मग एकेक उलगडत गेलं. खांद्यावरनं वाचणारी छाया. बोलणारं नको. मोठं चार जणांना दिसतं. अगं, मी तुझ्या डोळ्यांची काळजी करत होते आणि तू आपल्या गणपतच्या जिवाची. जे मशीन खरं खरं वाचून दाखवील ते त्याला मारील, ही भीती होती तुला. आणि तरी शेवटी म्हणालीस, घे. ल्हान घे. पयल्यांदा तू एकटी वाच. ती चेष्टा नव्हती. तू मला कामाला लावून गेलीस.

वालचंदनगरच्या चौकात एसटी बराच वेळ थांबली. मी मशीन उघडून बसले होते आणि विचार करत होते. खरं सांगावं का? सांगावं, की बायांनो, गणपत तेव्हाच गेला, आक्कानं तुम्हाला नादी लावलं. खरं ते खरं. पण हिराबाईच्या तोंडापुढं ते वाक्य घेऊन जायची माझी छाती होईना. एकदा त्या बाईला विहिरीनं नागवलंय. तू नुसतं पुस्तक मिटून तिला दुसऱ्या खेपेला वाचवलंस, आणि मी काय, मशीन घेऊन आले म्हणून परत ढकलू? आणि गोष्ट न सांगता तशीच सोडली तर ती जन्मभर म्हणत राहणार की शेवट मी जाळला. तिसरी वाट एकच होती आणि ती तू आखून ठेवली होतीस. पण ती वाट माझी नव्हती गं. मी कधी दोन ओळी मनानं रचल्या नाहीत. पेरू विकताना थाप मारणं वेगळं.

दुपारी शेडात गेले. मशीनला पेरूची फोमची जाळी चढवली, वरनं झाडावरच्या पेरूला बांधतो ती पातळ पिशवी. छाया म्हणाली, "पाटी झकास पॅक केलीया, पुण्याला धाडायची काय?" कारण बायांनी बघताक्षणीच त्याचं नाव पाटी ठेवलं, रंग तसाच आहे म्हणून. मी सगळ्यांना ती लांबनं दाखवली, अक्षर मोठं करून दाखवलं, लहान करून दाखवलं. महिनाभर चार्जिंग लागत नाही हे तर दोनदा सांगितलं. मला राहवतच नव्हतं. मग तुझा क्रेट उलटा केला, भिंतीकडं पाठ केली आणि बसले. हिराबाई मोजे चढवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पेरू उचलला नाही तिनं.

पडद्यावर कोर्टातली साक्ष चालली होती. मी वाचायला लागले. "गणपत नवा सदरा घालून वाटेला लागला." माझा आवाज मलाच ओळखू येईना. वाटेत त्याला कुत्रं भेटवलं, ते जमलं. सदऱ्याला चिखल लागला म्हणून त्यानं कुत्र्याला शिव्या दिल्या, तुज्या बैलाला म्हणाला, बाया हसल्या. माझा जीव जरा भांड्यात पडला. शाळा आली. बाई ओट्यावर वह्या तपासत बसल्या होत्या. गणपत फाटकापाशी उभा राहिला, बाईंनी मान वर केली, आणि माझं डोकं कोरं झालं. पुढं काय म्हणायचं? बाई काय म्हणणार? तू काय ठरवलं होतंस? मी पडद्याकडं बघत राहिले. तिथं वकील बोलत होते. सगळं शेड थांबलं होतं. तुझ्यासारखा पुसायला मला चष्माही नाही. मी म्हटलं, "आज एवढंच. चार्जिंग संपलं."

हिराबाई म्हणाली, "मगाशी तूच म्हणलीस, म्हयनाभर बगाय लागत न्हाय."

छाया फिसकन हसली. हिराबाई हसली नाही. ती थोडी पुढं वाकली. "वाच गं मंदा. त्यो दारात हुबा हाय."

आणि मला एकदम तू दिसलीस, आक्का. शेडाच्या दारात उभी. व्यापारी येवो, ड्रायव्हर येवो, घरधनी येवोत, कुणी काही बोलायला तोंड उघडलं की तुझं ठरलेलं. मी मशीन वर धरलं, आणि बाईंच्या आवाजात, म्हणजे तुझ्या आवाजात, वाचलं. "बाई म्हणाल्या, आधी हात धुवा, मग बोला. च्या टाकते."

मग हिराबाईनं पेरू उचलला, फिरवून त्याचा डाग बघितला आणि जाळी चढवली.

"ह्या बाई आक्कावानीच बोलत्यात की," ती म्हणाली.

"पुस्तकातच तसं हाय," मी म्हटलं, आणि बटण दाबून पान उलटलं.